मला बी जाणवला

भूकंपालाही तिकीट असते, ही माहिती वहिदाला चाळिशीच्या उंबरठ्यावर, दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, स्वतःच्या धाकट्या मुलाच्या तोंडून मिळाली. शहेबाज फरशीवर पालथा पडून हैदराबादेजवळच्या एका करमणूक-उद्यानाचे रंगीत पत्रक मोठ्याने वाचत होता. आकाशपाळणा झाला, भुताची गुहा झाली, उलटीसुलटी होणारी होडी झाली, आणि त्याच दमात तो म्हणाला, ‘भूकंपाचा थरारक अनुभव, वातानुकूलित सभागृहात.’ तो ‘वातानुकूलित’पाशी अडखळला, ‘भूकंप’ हा शब्द त्याने दूधवाला आल्याची वर्दी द्यावी तितक्या सहजपणे उच्चारला. वहिदाच्या डाव्या पायातून, मांडीपासून अंगठ्यापर्यंत, ओळखीची एक बारीक थरथर धावत गेली आणि विझली. हा पाय गेली काही वर्षे तिचा उरला नव्हता. जुन्या भाडेकरूसारखा तो तिच्या अंगाला चिकटून राहत होता, ना जागा सोडत होता ना काही कामाला येत होता. पण भूकंप हा शब्द त्याला अजून कळत होता. तिने शहेबाजला तेवढी ओळ पुन्हा वाचायला सांगितली. त्याने ती या वेळी आवाज कापरा करून, नाटकातल्यासारखी वाचली. स्वयंपाकघरातून कहकशां हसली. आणि कहकशां हसली म्हणून, दारात उभा राहून फोनवर बोलणारा वहिदाचा नवरा नासिरही हसला. हे ‘म्हणून’ वहिदाने ऐकले. घरात ते दुसऱ्या कुणाला ऐकू आले नाही.

सहलीचा घाट नासिरने घातला होता, आणि त्यामागे एक कारण होते जे लातुरात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. अलीझा, त्यांची थोरली, दहावीत होती. दहावीनंतर या शहरातल्या मुलांना सुट्टी नावाची वस्तू मिळत नाही. पहाटेचा क्लास, मग कॉलेज, मग दुपारचा क्लास, मग सराव परीक्षा, आणि या सगळ्याच्या टोकाला एक पांढरा कोट किंवा अख्ख्या घराची नामुष्की. तेव्हा यंदाची दिवाळीची सुट्टी शेवटची, असे नासिर म्हणाला, आणि ‘शेवटची’ हा शब्द त्याने कुणाकडेही न बघता उच्चारला. वहिदा इतिहास शिकवत असे. शब्द उच्चारताना माणूस कुठे बघत नाही, याकडे लक्ष देणे हा तिच्या व्यवसायाचाच भाग होता. भूकंपानंतर जे शहर छताला घाबरू लागले होते, ज्याने पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली हिवाळे काढले होते आणि दगडी भिंतीचे नाव काढले तरी ज्याच्या बायका कानांवर हात ठेवत, त्याच शहराने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत परगावच्या मुलांना ठेवून घ्यायला मजल्यावर मजले चढवले. भीतीचे आयुष्य घरभाड्यापेक्षा कमी असते, हा निष्कर्ष तिने वर्गात कधी सांगितला नाही, कारण तिच्या डोक्यावरही दोन मजले होते. वरच्या मजल्यावर नासिरची अभ्यासिका होती: प्लायवूडच्या आडोशांच्या रांगा, प्रत्येक आडोशात एक दिवा, एक खुर्ची आणि जळकोट, कंधार किंवा शिरूर अनंतपाळहून आलेला एकेक मुलगा, पुस्तकावर इतका वाकलेला की वरून पाहणाऱ्याला तो नमाजात आहे की झोपेत, हे सांगता येऊ नये.

धडधाकट माणसे सहलीला जातात. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या बाईला सहलीला नेण्यात येते. हा कर्मणी प्रयोग वहिदाला नवा नव्हता. तिला उठवण्यात येई, बसवण्यात येई, कॉलेजात तळमजल्यावरचा वर्ग देण्यात येई. आता तिच्यासाठी उद्यानाचा अभ्यास करण्यात येत होता. ऊन चालणार नव्हते, कारण अंग तापले की तिची नजर वाफ धरलेल्या काचेसारखी होई आणि पायांतले उरलेसुरले बळही निघून जाई. म्हणून सकाळी फाटक उघडताच आत शिरायचे, दुपारी थंड जागी आडवे व्हायचे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निघायचे. स्वच्छतागृहे कुठे आहेत, कुठे पायऱ्या आहेत, कुठे उतरण आहे. नासिरने उद्यानात फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला की चाकाची खुर्ची फाटकाशीच मिळेल, पेशंटला रांगेत उभे राहावे लागणार नाही, पेशंटला आणि सोबत एकाला बाजूच्या दाराने सोडतात. शहेबाजने उडी मारली. अम्मीमुळे रांग नाही, ही त्याला आईच्या आजारातून मिळालेली पहिली मिळकत होती. मग ‘सोबत एक’ या शब्दांचा अर्थ त्याच्या ध्यानात आला आणि तो पुन्हा खाली बसला. तो एक कोण, असे कुणी विचारले नाही. नासिरने फोन खिशात ठेवला, कहकशांने चहाचे पेले उचलले, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती घर नेहमीसारखे चालू राहिले.

कहकशां वहिदाची धाकटी बहीण. उन्हाळ्यात आजार उसळला, वहिदाला दोन आठवडे हैदराबादच्या इस्पितळात ठेवावे लागले, तेव्हा ती नांदेडहून आठवडाभरासाठी म्हणून आली होती आणि आता पावसाळा उलटला तरी इथेच होती. तिचे लग्न दोन वर्षांत मोडले होते. त्याविषयी ती काही बोलत नसे. तिच्याविषयी मात्र नांदेडच्या त्या अख्ख्या मोहल्ल्याला बोलता येई. इथे तिच्याविषयी कुणाला वाईट बोलायला जागाच नव्हती. ती अलीझाच्या वेण्या घाली, शहेबाजशी पत्ते खेळताना लबाडी करी, वहिदाला न्हाऊ घालताना असे काही गुणगुणे की न्हाणाऱ्या बाईला आपण ओझे आहोत याचा क्षणभर विसर पडावा. आणि ती जिना चढे. अभ्यासिकेतल्या पोरांनी नळ उघडा ठेवला, दिवे तसेच ठेवले, की ती ओढणी खांद्यावर टाकून दोन-दोन पायऱ्या घेत वर जाई आणि दोन-दोन पायऱ्या घेतच खाली येई. खाली येताना तिचे लक्ष पायांकडे नसे. त्या पायांकडे बघायचे नाही असे वहिदा रोज सकाळी ठरवी. अरबी-फारसीने या विकाराचे दोन कप्पे केले आहेत. दुसऱ्याजवळचे आपल्यालाही मिळावे, हा रश्क. दुसऱ्याजवळचे जावे, ही हसद. पहिल्याला शायरीत प्रतिष्ठा आहे, दुसऱ्याला दोजखात जागा. मराठीतही हेवा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत, पण माणसे ते एकाच डब्यात ठेवतात आणि लागेल तो काढतात. कंधारच्या किल्ल्यातल्या फारसी शिलालेखांवर प्रबंध लिहिलेल्या बाईला हा फरक विद्यार्थ्यांना सांगताना कधी अडचण आली नव्हती. आता मात्र ती सकाळच्या नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत एका शब्दातून दुसऱ्यात जाई आणि सीमा कधी ओलांडली हे तिला कळत नसे.

सहलीसाठी कहकशांने एक जाकीट शिवले. जाड सुती कापडाचे, पाठीला आणि छातीला खोल खिसे असलेले, त्यांत बर्फाच्या थंड पिशव्या सरकवायच्या म्हणजे वहिदाचे अंग तापणार नाही. कल्पना तिची स्वतःची होती. शिवताना माप हवे होते आणि वहिदा झोपली होती, म्हणून तिने ते स्वतःच्या अंगावर घालून पाहिले. वहिदा डोळे मिटून पडली होती, झोपली नव्हती. अर्धवट पापण्यांतून तिने पाहिले, की बहीण आरशापुढे ते जाकीट घालून उभी आहे, बाजूला वळते आहे, पाठीकडचा खिसा चाचपते आहे, आणि दारातून जाणारा नासिर थबकून म्हणतो आहे की हे झकास झाले, फक्त गळा थोडा उतरव. त्याच्या आवाजात काहीही नव्हते. काही असते तर वहिदाला सोपे गेले असते. माझा आजारसुद्धा हिला नीट बसतो, असे तिच्या मनात आले, आणि त्या विचाराच्या धारदारपणाचा तिला जो आनंद झाला त्याची तिलाच शिसारी आली. मग ती, नेहमीप्रमाणे, कायद्याकडे गेली. दोन बहिणी एकाच वेळी एका पुरुषाच्या निकाहात राहू शकत नाहीत. एक हयात आणि निकाहात असेतो दुसरी त्याला हराम. म्हणजे या घरातली तिची खरी नेमणूक ही होती: ती स्वयंपाक करत नव्हती, जिना चढत नव्हती, मुलांमागे धावत नव्हती, ती फक्त हयात होती, आणि तिची हयाती हाच त्या दोघांमधला एकमेव चिरेबंदी अडसर होता. त्या दोघांनी तो ओलांडायचा विचारही केलेला नव्हता, याची तिला जवळजवळ खात्री होती. पण ‘जवळजवळ’ हा शब्द रात्रंदिवस जागा राहतो.

आणि तरी तिच्याजवळ एक गोष्ट अशी होती जी कहकशांला कधीही मिळणार नव्हती. भूकंप. त्या साली वहिदा एम.ए.साठी नांदेड सोडून लातूरला, फुफीच्या म्हणजे आत्याच्या घरी, याच गल्लीत राहत होती. किल्लारी झाली. गल्लीत कुणी दगावले नाही, भिंतींना तडे गेले, आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा जमीन अधूनमधून हुंकार देत राहिली. एका संध्याकाळी वहिदा ओट्यावर वाचत बसली असताना तिच्या तळव्यांखालून काहीतरी धावत गेले. ते पायांतून वर चढले, गुडघ्यांत गुणगुणले, कमरेपाशी येऊन थांबले. ती किंचाळली, ‘हादरा’, आणि पाहता पाहता गल्ली रिकाम्या घरांची झाली. समोरची गुणाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. ग्यानोबा, जो एसटीत ड्रायव्हर होता आणि ज्याला हलत्या वस्तूंची पारख होती, म्हणाला की त्याला काही जाणवले नाही. गुणाबाईने तिला आपादमस्तक न्याहाळले. ‘म्या चुलीम्होरंच हुते की,’ ती म्हणाली, ‘दुधावरची साय बी हलली न्हाई. पोरी, कुणाला भिववून राहिलीस?’ सगळी गल्ली वहिदाकडे बघत होती आणि तिचे पाय अजून कापत होते. तेव्हा पलीकडच्या दारातून एक उंच मुलगा पुढे आला, ज्याच्याशी ती तोपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती, आणि गुणाबाईला म्हणाला, ‘हाव. मला बी जाणवला.’

घरात ही माणसे दखनी बोलत, गल्लीत मराठी. ते वाक्य गल्लीसाठी होते, म्हणून मराठीत होते, आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात ते मराठीतच राहिले. त्याचे कुणी घरच्या बोलीत भाषांतर केले नाही. दोन साक्षीदार मिळाले की घटना घडलेली असते, हे शरीयतही मानते आणि इतिहासही. त्या हिवाळ्यात वहिदाला आणखी हादरे जाणवले. कधी तिच्यानंतर गल्लीलाही जाणवत, कधी नाही; पण दर वेळी पलीकडच्या दारातून तो मुलगा बाहेर येई आणि दर वेळी तेच वाक्य म्हणे. गल्लीने निष्कर्ष काढला की या पोरीला आधी कळते. गुणाबाई, जी कुणाचे ऐकत नसे, ती संध्याकाळी फुफीच्या दारात उभी राहून विचारू लागली, ‘आज आत निजू का गं?’ आणि वहिदा, बावीस वर्षांची, पायांच्या तळव्यांशी मसलत करून, गंभीरपणे हो किंवा नको म्हणू लागली. इतकी सत्ता तिला पुढे कुठल्याही पदवीने दिली नाही. नासिरशी तिचा निकाह दीड वर्षाने झाला. पण स्वतःशी प्रामाणिक राहून सांगायचे तर तिने लग्न केले ते त्या वाक्याशी. जगात एक माणूस असा होता ज्याच्या पायांखाली तीच जमीन त्याच वेळी हलत होती. कंधारला शिलालेखाचा ठसा घेताना, ओला कागद दगडावर ब्रशने ठोकताना, बादली धरून उभ्या असलेल्या नासिरकडे बघून तिच्या मनात येई की पुरावा याहून वेगळा काय असतो: एका अंगावरचे दुसऱ्या अंगावर जसेच्या तसे उमटणे.

शहेबाज झाल्यानंतर तिच्या एका डोळ्यापुढे धुके आले आणि ते हटेना, तेव्हा हैदराबादला डॉक्टरांनी तिच्या मेंदूची फिल्म उजेडात धरून दाखवली. जागोजाग पांढरे ठिपके होते. व्रण, डॉक्टर म्हणाले, काही नवे, काही खूप जुने. पहिल्यांदा कधी काय झाले होते, आठवा. तिला ते ठिपके कुणीतरी छिन्नीने उडवलेल्या अक्षरांसारखे दिसले, आणि उडालेली अक्षरे आजूबाजूच्या अक्षरांवरून लावायची तिला सवय होती. तिने लावली. तळव्यांखालून धावणारी जमीन, गुडघ्यांतली गुणगुण. डॉक्टरांनी मान डोलावली. हेच, असे वाटते खरे, पाय थरथरतात, जमीन हलल्यासारखी वाटते. म्हणजे तिच्या नसांची साल सोलली जात होती आणि गल्ली मुलेबाळे कडेवर घेऊन बाहेर पळत होती. दुसऱ्या कुठल्याही शहरात अशा मुलीला कुणीतरी डॉक्टरकडे नेले असते. लातूरने तिला कौल लावायला बसवले. पण वहिदा डॉक्टरांना ठामपणे म्हणाली होती की काही हादरे आजाराचे असतील, सगळे नव्हेत. माझ्या नवऱ्यालाही जाणवले होते. डॉक्टरांनी नासिरकडे पाहिले. नासिर फिल्मकडे पाहत होता. तो काही बोलला नाही आणि तिने ते मौन आपल्या बाजूने नोंदवले. मौनाला पुरावा मानू नये, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईने.

म्हणून भूकंपाचे तिकीट काढायची वेळ आली तेव्हा तिच्या दृष्टीने प्रश्न करमणुकीचा नव्हता. उद्यानातल्या माणसाने फोनवर सांगितले होते की त्या सभागृहात हृदयविकार, पाठीचे दुखणे, नसांचे आजार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना सोडत नाहीत. लगेच आखणी बदलली. वहिदाने तेवढा वेळ बाहेर सावलीत बसायचे. कहकशां म्हणाली, आपापाशी मी बसते, तुम्ही मुलांना घेऊन जा. नासिर म्हणाला, नको, तू जन्मात काही पाहिले नाहीस, तू जा, मी बसतो. नाही दूल्हेभाई, तुम्ही. नाही, तू. दोघे एकमेकांसाठी जागा सोडत होते आणि ती सोडलेली जागा वहिदाला हवी होती. तिला तिथे कुणी बसवत नव्हते. तिच्याजवळ बसण्याचा त्याग कोण करणार, एवढाच वाद होता, आणि त्या वादात इतके मार्दव होते की ते तिला सोसवेना. ती म्हणाली, मी आत बसणार. नासिरच्या शेजारी. आजार सांगायचा नाही. खुर्ची बाहेर ठेवायची, दोघांनी धरून आत न्यायचे, अंधारात कोण बघतो. नासिर वर अभ्यासिकेत दिवा बघायला गेला. दिवा नीट चालत होता.

बहिणी दोघीच उरल्या. कहकशांने आधी समजावले, मग विनवले. तिथली खुर्ची जोराने आपटते, पडलीस तर सगळ्यांची सहल इस्पितळात होईल, मुलांनी किती दिवस वाट बघितली आहे. हट्टाला काही अर्थ असावा. वहिदा थंडपणे म्हणाली, की तुला भूकंपातले काय कळते, तू नांदेडला गादीवर झोपली होतीस. तो आम्ही दोघांनी भोगला आहे, त्याने आणि मी, तुझा त्यात काही संबंध नाही. ‘संबंध’ हा शब्द तिने नीट निवडून वापरला होता. कहकशांचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांत पहिल्यांदा राग आला, आणि वहिदाला क्षणभर हायसे वाटले, की ही पण माणूसच आहे.

‘आपा,’ कहकशां म्हणाली, ‘दूल्हेभाई कू एक बी झटका नै लगा था. कब्बी बी नै. तुमना लोगां झूटी समजे नक्को बोलके वो हौ बोलते थे.’

वहिदाने विचारले, हे तुला कुणी सांगितले. आवाज तिचाच होता, वर्गातला, संदर्भ विचारणारा.

उन्हाळ्यात, इस्पितळाच्या व्हरांड्यात, नासिरने सांगितले होते: त्याला एकही हादरा जाणवला नव्हता, लोकांनी वहिदाला खोटी समजू नये म्हणून तो हो म्हणत गेला. तो रडत होता. त्याला वाटत होते की त्या हिवाळ्यात त्याने खरे सांगितले असते, तर कुणीतरी तिला वेळेवर डॉक्टरकडे नेले असते. एवढे बोलून कहकशांने तोंडावर ओढणी धरली. आपण बोलून बसलो हे तिला कळले होते. ती पाय धरायला वाकली, आणि वहिदाला ते वाकणेही दिसले, किती सहज, गुडघ्यांचा आवाजसुद्धा न होता.

त्यानंतर वहिदा जे करत राहिली त्याला विचार म्हणता येणार नाही. ती त्या एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. तो खोटे बोलला, हे तिला फारसे लागले नाही. खोटा दस्तऐवजही काही सांगतो. कोणी, कुणासाठी, कशाच्या भीतीने तयार केला, हे त्यातून कळते, आणि या दस्तऐवजातून जे कळत होते ते एखादीने उराशी धरावे असे होते. लागले ते दुसरेच. खोटे तिला मिळाले होते आणि खरे कहकशांला. वर्षानुवर्षे तिच्याशेजारी झोपलेल्या माणसाने स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत जड गोष्ट उचलून व्हरांड्यात दुसऱ्या बाईच्या ओंजळीत टाकली होती, आणि त्याबरोबर ते रडणेही, जे तिने कधी पाहिले नव्हते. तो रडतो कसा, हे कहकशांला माहीत होते. तोंडावर हात घेतो की भिंतीकडे वळतो. हे विचारता येण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी, नासिर चहाला घरी आला तेव्हा, तिने त्याला सांगितले की तिला नांदेडला अम्मीकडे सोडावे आणि सहलीला चौघांनी जावे. कहकशां आहेच. तिने हे अगदी गोड आवाजात सांगितले, कारण तिला तो हो म्हणताना बघायचा होता. हसद स्वतःच्याच अंगावर उलटवून पाहण्याची ही तिची पहिली वेळ होती आणि त्यात एक विलक्षण थंडावा होता, बर्फाच्या जाकिटासारखा. कहकशां स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शहेबाज पत्रकाची होडी करत होता. नासिरने पेला खाली ठेवला आणि तो काहीतरी म्हणणार होता.

आधी भांडी वाजली. फळीवरची स्टीलची ताटे एकमेकींना लागून किणकिणली, मग वर अभ्यासिकेत एकदम सगळ्या खुर्च्या मागे सरल्या, आणि जिन्यावरून पोरांचा लोंढा खाली कोसळत आला. ‘हादरा,’ कहकशां ओरडली. तो शब्द या घरात तिने पहिल्यांदा उच्चारला. नासिर उठला. त्याच्या एका हातात शहेबाजचा दंड होता आणि दुसऱ्या हातात कहकशांचे मनगट, आणि तिघे दारातून बाहेर होते. त्यात विचार करायला अवधी नव्हता. म्हणूनच ते खरे होते, असे वहिदाने नोंदवले. विचारपूर्वक केलेल्या गोष्टींवर तिचा आता विश्वास उरला नव्हता. ती एकटी खुर्चीत होती. गल्लीत आरडाओरडा होत होता, कुणी तरी क्लासला गेलेल्या अलीझाचे नाव घेत होते, कुणी ती मोकळ्या मैदानात असेल म्हणत होते. पंख्याची दांडी हळूहळू डुलत होती. नासिरच्या पेल्यातल्या चहावर एकात एक वर्तुळे उठत होती, बारीक, सुबक, आणि ती त्यांच्याकडे इतकी टक लावून बघत होती की तिला बाकीचे उशिरा कळले. तिला काहीच जाणवत नव्हते. पायांचे तळवे खुर्चीखालच्या पाट्यावर टेकलेले होते आणि मुके होते. मांड्या मुक्या होत्या. संबंध शहर तिच्या भोवती हलत होते आणि ज्या बाईला एके काळी सगळ्यांच्या आधी कळत होते, तिला हा भूकंप चहाच्या पेल्यात वाचावा लागत होता.

पावले परत आली ती एकाचीच होती. बाहेर गुणाबाई, आता म्हातारी, घसा फाटेपर्यंत ओरडत होती, ‘नासिर, आत नगं जाऊस रं, अजून एक यील.’ तो आत आला. त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला नाही. त्याने एकदा वर, दोन मजल्यांकडे पाहिले आणि तो खुर्चीशी फरशीवर बसला. त्याला धाप लागली होती. त्याचा हात तिच्या गुडघ्यावर होता. तो तिला दिसत होता, जाणवत नव्हता. त्याच्या मनगटावर नखाचा ताजा ओरखडा होता, शहेबाजचा किंवा कहकशांचा.

‘तेरेकू लगा?’ त्याने विचारले.

खरे उत्तर तिच्या ओठांवर तयार होते. नाही. मला काही जाणवले नाही, तुम्हा सगळ्यांना जाणवले, तुम्ही धावलात, मी इथे होते. त्या उत्तराने तो जन्मभर पुरेल एवढा मोडला असता, आणि ते सर्वस्वी खरे असते. तिने पेल्याकडे पाहिले. चहा स्थिर झाला होता.

‘हाव,’ ती गल्लीच्या मराठीत म्हणाली. ‘मला बी जाणवला.’

नासिरची मान आधी वर आली नाही. मग आली. त्याच्या चेहऱ्यावर जे चालले होते ते तिने वाचायचे टाळले. तो तोंडावर हात घेत नाही आणि भिंतीकडेही वळत नाही, एवढेच तिने पाहिले. बाहेरून कहकशांची हाक आली, ‘दूल्हेभाई.’ मग पुन्हा, जरा उंच सुरात, मध्येच चिरलेली. तो चीर गेलेला सूर वहिदाने तत्काळ ओळखला. हेव्याच्या विषयात तिचा अधिकार मोठा होता. तिला बहिणीची दया आली, आणि दयेच्या तळाशी थोडे सुखही होते, ते तिने नाकारले नाही.

‘बाजूच्या दाराने सोबत एकालाच सोडतात,’ ती म्हणाली.

‘हौ,’ नासिर म्हणाला, आणि उठला नाही.